जादा ब्रेक

डाव्या सीटखाली, माझ्या पायाशी,
एक जादा ब्रेक होता.
शिकणाऱ्याच्या तो लक्षातही राहायचा नाही,
पण निम्मं नाशिक त्याच्या जिवावर
द्वारका सर्कल ओलांडून घरी पोचलं.
बढाई नाही. माझ्या गुडघ्याला विचारा.

आता पेठ रोडला, आरटीओच्या मैदानात,
आठाच्या आकड्यावर गवत माजलंय.
शेळ्या आठ काढतात, बिनचूक,
लायसन्स कोणी मागत नाही.

गाड्या दारात येतात, नावाने हाक मारतात.
स्टिअरिंगच्या जागी पाट बसवलाय,
त्यावर लोक मटार सोलतात, पोरं गृहपाठ करतात,
गंगापूर रोडला एक जण दाढी करत चालला होता,
आरशात बघून, अगदी सावकाश.
मुंबई नाक्यावर कोणी कोणाची आई काढत नाही.
चौक इतका गप्प, की
कडुनिंबातल्या साळुंक्यांची भांडणं ऐकू येतात.
चांगलंच आहे. मी वाईट म्हणत नाही.
माझा भाचा अंबडच्या वळणावर गेला,
त्या रात्री समोरच्या ट्रकात असा एखादा
न पिणारा, न पेंगणारा कोणी असता,
तर आज भाच्याच्या कानशिलाला पांढरं लागलं असतं.

रात्री आग्रा रोडने
दिंडोरीची द्राक्षं घेऊन ट्रक एकटेच जातात.
केबिनमध्ये अंधार.
मागे मात्र कोणीतरी हौसेने रंगवलेलं:
आईचा आशीर्वाद.
कोणाच्या आईचा?
आडगावचा चहावाला विठोबा शेवरे
जुन्या सवयीने हात करतो.
ट्रक वेग कमी करतो,
माणूस कडेला उभा आहे एवढंच त्याला कळतं,
आणि जातो.

अशात हेमलताबाई बोरस्ते आल्या.
वय एकाहत्तर. कापडी पिशवीत
चष्मा, पाण्याची बाटली, फीचे पैसे रोख.
"मास्तर, गियरची गाडी शिकवा."
म्हटलं, बाई, आता कशाला?
म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे म्हणायचे,
तू बस निवांत, मी आहे ना.
हे गेले.
आता गाडी म्हणते, आपण निवांत बसा, मी आहे.
आवाज तेवढा गोड झाला."

शेडमधल्या जुन्या आठशेवरची ताडपत्री काढली.
आत मांजरीने पिल्लं घातली होती, ती खोक्यात हलवली.
बॅटरी उसनी, पेट्रोल ओळखीतून.
असल्या गाडीला मोठा रस्ता बंद,
म्हणून म्हसरूळच्या मागे, चामर लेणीच्या अंगाला,
पडक्या वीटभट्टीचा चढ आहे, तिथे गेलो.

क्लच दाबा. पहिला टाका.
आता पाय सोडा, हळू,
दुधावरची साय काढतात तसा.
बंद पडली.
पुन्हा.
बंद पडली.
बाई गाडीला सॉरी म्हणाल्या. गाडी काही बोलली नाही,
हे त्यांना फार आवडलं.
तेराव्यांदाही बंद पडली.

चौदाव्यांदा चढाच्या मध्यावर गाडी थरथरली
आणि थांबली. ना पुढे, ना मागे.
हाफ क्लच.
सगळं वजन, गाडीचं, माझं, त्या चढाचं,
बाईंच्या डाव्या चवड्यावर.
"आता काय करू?"

माझा पाय जादा ब्रेकवर होता.
तीस वर्षांत तो तिथून हलला नव्हता,
जेवतानासुद्धा टेबलाखाली काहीतरी दाबत असतो, बायको म्हणते.
मी तो उचलला.
दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली,
पंगतीला बसतात तशी.
म्हटलं, "तुम्ही सांगा."

क्लच जळाल्याचा वास यायला लागला.
खाली शहरात दिवे लागले होते,
हजार गाड्या एकाच लयीत वळत होत्या,
कोणाचाही कोणाला धक्का न लागता.
बाईंनी जीभ दातांत धरली.
आणि हॉर्न वाजवला, लांबलचक.

समोर कोणीच नव्हतं.